हिशेबाची विद्या

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघर एकच प्रश्न उभा राहतो: मुलांनीं पुढें काय शिकावें? ज्यांचा ओढा वाणिज्याकडे आहे, त्यांस आम्हीं चार शब्द सांगूं इच्छितों. हिशेबशास्त्र म्हणजे बेरीज-वजाबाकी असा पुष्कळांचा समज आहे. आणि ती तर यंत्रही करतें, मग ही विद्या कशास शिकावी, असें कित्येक पालक विचारतात. हा समज कितपत खरा आहे तें पाहूं.

इटलींतील गणितज्ञ लुका पाचोली यांचा ग्रंथ व्हेनिस येथें १४९४ सालीं छापला गेला. त्यांत दुहेरी नोंदीच्या पद्धतीचें विवेचन आहे. प्रत्येक व्यवहारास दोन बाजू असतात. म्हणून रक्कम एका खात्यास जमा पडते, तशीच दुसऱ्यास नांवें पडते.

आतां एक उदाहरण घेऊं. एका दुकानदारानें दुकानासाठीं ८,००० रुपयांचें कपाट रोखीनें घेतलें. कारकुनानें ती रक्कम मालखरेदीच्या खात्यावर टाकली. दोन्ही बाजू सारख्या पडल्या. तेरजेचा ताळा बिनचूक जमला. परंतु त्या वर्षाचा नफा उगीच कमी दिसूं लागला, आणि दुकानांत उभें असलेलें कपाट ताळेबंदांत मात्र दिसेना! बेरजेंत चूक नव्हतीच. चूक होती समजुतींत. ती ओळखण्यास शिक्षण लागतें.

समजुतीची चूक सुधारतां येते. नियतींतील खोट मात्र अनर्थ करते. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स कंपनीच्या अध्यक्षांनीं जानेवारी २००९ मध्यें स्वतःच कबूल केलें कीं, वह्यांत दाखविलेल्या शिलकेपैकीं ५,००० कोटि रुपयांहून अधिक रक्कम अस्तित्वांतच नव्हती. ज्यांनीं विश्वासानें भाग घेतले होते, त्यांस जबर तोटा सोसावा लागला.

मुंबईंत सिडनेहॅम कॉलेज १९१३ सालीं निघालें, तेव्हांपासून आपल्या इलाख्यांत या विद्येस महाविद्यालयाचें दार उघडलें. बी.कॉम.च्या अभ्यासांत हिशेबलेखन, हिशेबतपासणी, कर, व्यापारी कायदा व अर्थशास्त्र हे विषय येतात. चार्टर्ड अकौंटंट होऊं इच्छिणारास १९४९ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्यांच्या फाउंडेशन, इंटरमीजिएट व फायनल अशा तीन पायऱ्या आहेत. शिवाय दोन वर्षें उमेदवारी करावी लागते. बी.कॉम.ला शेंकडा ५५ गुण मिळविणारास पहिली पायरी माफ असते.

पुढें वाटा अनेक आहेत. बँका व विमा कंपन्या आहेत. सरकारी लेखापरीक्षण खातें आहे. कारखान्यांत मालाचा उत्पादनखर्च काढणारे परिव्यय लेखापाल लागतात. आपल्याकडील सहकारी साखर कारखाने व पतपेढ्या यांसही हिशेबतपासनीस हवेच. तेथील सभासद शेतकऱ्यास ताळेबंद वाचतां येतोच असें नाहीं. तपासनीसाच्या सहीवर विसंबून तो आपली ठेव ठेवतो. ही सही म्हणजे त्याच्या घामाच्या पैशाची राखण होय. हें काम मुलींनींही आपलेंच समजावें.

विद्यार्थ्यांनो, या विद्येचा पहिला धडा घरींच गिरवितां येईल. महिनाभर आपल्या खाऊच्या पैशांचा जमाखर्च लिहा. महिनाअखेर दहा रुपये कमी भरले, तर ‘किरकोळ खर्च’ असें लिहून ताळा जमवूं नका. आठवून पाहा, न आठवल्यास ‘दहा रुपयांचा हिशेब लागत नाहीं’ असें स्पष्ट लिहा. ज्यास हें एक वाक्य लिहिण्याचें धैर्य आहे, त्याच्या हातीं लोकांच्या वह्या निर्धास्तपणें द्याव्या.