बेल्ट आहे, पण दोर कुठे अडकवला? उंचीवरच्या कामाचा खरा खर्च

सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला की नाशिकच्या पंचवटीला रंग चढतो. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या पावसाळ्यात पर्वण्या. त्याआधी हिरावाडीपासून मखमलाबाद नाक्यापर्यंतच्या सोसायट्या बाहेरून रंगवून घेतील, लॉजवाले पाट्या बदलतील, काळाराम मंदिराच्या आसपासच्या जुन्या वाड्यांवर पत्रे बदलले जातील. रंगकामाच्या कोटेशनमध्ये प्रायमर कोणता, पुट्टीचे हात किती, हमी किती वर्षांची, हे सगळे लिहिलेले असते. चौथ्या मजल्याबाहेर लटकलेला रंगारी कशाच्या आधारावर असेल, एवढेच नसते. फार तर शेवटी एक ओळ असते, ‘सेफ्टी बेल्ट आमचे’.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणि लहान ठेकेदारांनी याच ओळीवर थांबायला हवे. बेल्ट माणसाला फक्त गुंडाळतो. पडताना त्याला धरून ठेवतो तो बेल्ट आणि इमारत यांच्यामधला जोड: हुक, दोर, झटका शोषणारा पट्टा आणि ज्याला हे सगळे बांधले ती जागा. आपल्याकडे पैसे बेल्टवर खर्च होतात आणि जोडावर वाचवले जातात.

आधी बेल्टचे उरकून घेऊ. कमरेचा पट्टा, ज्याला दुकानदार ‘हाफ बेल्ट’ म्हणतात, पडणाऱ्या माणसासाठी घेऊच नका. सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. अमेरिकेत बांधकामावर पडणे रोखण्यासाठी असा पट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. आपल्याला हवा तो खांदे, छाती आणि मांड्यांवरून जाणारा फुल बॉडी हार्नेस. तो साधारण १,५०० ते २,५०० रुपयांत चांगला मिळतो. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक डी-रिंग असते. मागून दोर लावायचा तो तिथेच. कमरेच्या बाजूच्या रिंगा खांबाला टेकून काम करताना तोल धरण्यापुरत्या असतात. पडणे रोखण्यासाठी त्यांना दोर लावायचा नाही.

(इथले सगळे भाव ढोबळ आहेत. ब्रँड आणि नग यांवर ते हलतात. सातपूर-अंबडकडच्या औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दोन-तीन दुकानांत विचारा आणि भाव जीएसटी धरून सांगितला की सोडून, तेही विचारा.)

आता जोड. सर्वांत स्वस्त असतो एका हुकाचा साधा दोर, तीनशे ते सहाशे रुपयांचा. पुष्कळदा तो बेल्टसोबत फुकटच येतो आणि म्हणूनच सगळीकडे दिसतो. त्यात झटका शोषणारे काही नसते. दीड-दोन मीटर खाली आलेला माणूस अशा दोरावर एकदम थांबला, तर दोर तुटला नाही तरी माणूस तुटतो. ॲब्सॉर्बर असलेल्या दोरात शिवून घडी घातलेला पट्टा एका पिशवीत असतो. झटका बसला की शिवण उसवत जाते, पट्टा लांबतो आणि अंगावरचा ताण कमी होतो. युरोपच्या ईएन ३५५ या मानकात हा ताण सहा किलोन्यूटनच्या आत ठेवायचा असतो, म्हणजे साधारण सहाशे किलो वजनाइतका. ॲब्सॉर्बरचा एकेरी दोर आठशे ते दीड हजारांत, दुहेरी दोर बाराशे ते अडीच हजारांत मिळतो.

पण ॲब्सॉर्बर घेतला म्हणजे काम झाले असे नाही. त्याला उघडायला खाली मोकळी जागा लागते आणि हा हिशेब फारसा कोणी करत नाही. दोर ॲब्सॉर्बर धरून २ मीटर, ॲब्सॉर्बर पूर्ण उघडला तर आणखी १.७५ मीटर, पाठीच्या रिंगेपासून तळपायापर्यंत सुमारे १.५ मीटर आणि वर १ मीटर सोडायचा. बेरीज ६.२५ मीटर, म्हणजे वीस फुटांच्या थोडी वर. जिथे हुक अडकवला तिथून खाली एवढी जागा रिकामी हवी. आपल्याकडे मजला साधारण तीन मीटरचा. पार्किंगवरच्या दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर उभे राहून पायाजवळ हुक लावला, तर दोर आपले काम पुरे करण्याआधी माणूस जमिनीवर आदळू शकतो. चौथ्या मजल्यावरही निर्धास्त होऊ नका, कारण खिडक्यांवरचे छज्जे मध्ये येतात. म्हणून ‘दोर लांब, तेवढे मोकळेपणाने काम’ हा ठेकेदाराचा हिशेब उलटा आहे. हुक डोक्याच्या वर लावला तर मोकळे पडणे जवळजवळ होतच नाही आणि ॲब्सॉर्बरही फार उघडत नाही. त्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

गच्चीवर वॉटरप्रूफिंग किंवा टाकी धुणे असेल तर आणखी स्वस्त तोडगा आहे: दोर इतका आखूड ठेवायचा की माणूस कठड्याच्या टोकापर्यंत पोचूच नये. लांबी कमी-जास्त करता येणारा असा दोर सहाशे ते बाराशे रुपयांत येतो. पडलाच नाही, तर वाचवायचा प्रश्नच येत नाही.

हुकाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे. परांचीच्या लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण ४८ मिलिमीटर असतो. लहान स्नॅप हुकाचे तोंड त्यावर बसत नाही. मग कामगार दोर पाइपाभोवती फिरवतो आणि हुक त्याच दोरात अडकवतो. दोर तशा वापरासाठी बनवलेला नसेल, तर तो तिथे कमजोर होतो आणि हुकाच्या झडपेवर आडवा जोर येतो. पाइपावर काम असेल तर ‘स्कॅफोल्ड हुक’ मागा आणि दुकानातच पाइपाच्या तुकड्यावर लावून पाहा. झडप दोन हालचालींशिवाय उघडता कामा नये. अंगठ्याच्या एका दाबाने उघडत असेल, तर ती धक्क्यानेही उघडेल.

दुहेरी दोराचे दोन हुक याचसाठी असतात: सरकताना एक सोडायच्या आधी दुसरा लागलेला हवा. रिकामा हुक मात्र कमरेच्या रिंगेत टांगायचा नाही. तसे केले तर पडताना ॲब्सॉर्बर उघडायच्या ऐवजी रिकाम्या बाजूचा दोरच ताण घेतो आणि झटका थेट अंगावर येतो. चांगल्या हार्नेसला छातीच्या पट्ट्यावर हुक ठेवायची वेगळी जागा असते. आणि लांबी पुरत नाही म्हणून दोन दोर जोडायचे किंवा दोराला गाठ मारायची, हे दोन्ही बंद.

पंचवटीतले बाहेरचे रंगकाम मात्र बहुतेक झुल्यावर चालते. गच्चीवरून दोर सोडायचे, लाकडी फळीवर बसायचे आणि खाली येत येत रोलर मारायचा. इथे झुल्याचा दोर हाच जीवनदोर, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे. झुल्याला एक दोर आणि रंगाऱ्याला दुसरा, वेगळ्या जागी बांधलेला. त्या दुसऱ्या दोरावर रोप ग्रॅब सरकतो; माणूस खाली घसरला की तो दोर पकडतो. पार्किंग अधिक चार मजल्यांच्या इमारतीत एका रंगाऱ्यामागे हिशेब असा: हार्नेस १,५०० ते २,५००, लहान ॲब्सॉर्बरसह रोप ग्रॅब १,२०० ते २,०००, पंचवीस मीटर जीवनदोर मीटरला ६० ते ९० रुपयांनी १,५०० ते २,२५०, बांधायचा पट्टा आणि दोन कॅराबिनर ८०० ते १,२५०. एकूण पाच ते आठ हजार. तीन रंगाऱ्यांचे पंधरा ते चोवीस हजार. सोळा घरांच्या सोसायटीत घरटी साडेनऊशे ते दीड हजार रुपये, तेही ठेकेदार सगळे नवे साहित्य घेऊन पूर्ण रक्कम तुमच्यावर टाकेल तर. हेच साहित्य पुढच्या इमारतींवरही चालते, म्हणून अर्धी रक्कम मागणे रास्त आहे. मात्र रोप ग्रॅब ठरावीक जाडीच्या दोरावरच धरतो. ग्रॅबवर १४ ते १६ मिलिमीटर लिहिले असेल आणि दोर १२ चा घेतला, तर ग्रॅब नुसता घसरत जाईल.

हे सगळे बांधायचे कशाला? नाशिकच्या गच्चीवर नजर टाका: सोलर हीटरचा स्टँड, डिशचा दांडा, प्लास्टिकच्या टाक्या, पाण्याचे पाइप, कठड्यावरचे स्टीलचे रेलिंग. यांतली एकही वस्तू चालत नाही. चालतो तो लिफ्टच्या मशीन रूमचा किंवा वरच्या टाकीखालचा काँक्रीटचा खांब, त्याभोवती पट्टा गुंडाळून. मोजपट्टी म्हणून लक्षात ठेवा: युरोपच्या मानकात अशी जागा बारा किलोन्यूटन, म्हणजे सुमारे बाराशे किलोचा ताण सहन करणारी लागते. स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून कायमचे कडे बसवायचे असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. जुन्या इमारतीत त्याची फी ही उधळपट्टी नाही. कठड्याच्या धारेवर दोर जिथे वळतो तिथे जाड रबर किंवा धार-रक्षक हवा. घासून कापलेला दोर वरून दिसत नाही.

जुन्या वाड्यांच्या पत्र्यावर गणित वेगळे आहे. सिमेंटचा पत्रा खांद्याएवढ्या रुंदीत एकदम तुटतो आणि आसपास हुक लावायला काहीच नसते. तिथे आधी कैच्यांवर फळ्या टाका, मग दोर ताणायचा विचार करा. बोळातून क्रेन जात नाही, हे वाडेमालकांचे म्हणणे खरे आहे. त्याचा अर्थ पत्र्यावर चालायचे असा होत नाही.

कारखान्यात किंवा रोज चढ-उतार असलेल्या शिडीवर रिट्रॅक्टेबल ब्लॉक सोयीचा. गाडीतल्या सीट बेल्टसारखा तो हळू ओढला तर सुटतो आणि झटका बसला की अडकतो. सहा मीटरचा पट्टा असलेला पाच ते नऊ हजारांत, तारेचा दहा-पंधरा मीटरचा बारा ते पंचवीस हजारांत. तो डोक्यावर टांगायचा. धारेवर आडवा ओढण्यासाठी वेगळा प्रकार येतो आणि तसे त्यावर छापलेले असते. एकदाच्या रंगकामासाठी हा खर्च करू नका.

शिक्क्याचे थोडे. भारतीय मानक आयएस ३५२१ आहे. आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकून पाहा. नुसता ‘सीई’ शिक्का कोणीही छापतो. त्यापुढे चार अंकी क्रमांक आणि ईएन क्रमांक हवा. लेबलवर उत्पादनाची तारीख आणि अनुक्रमांक नसेल तर वस्तू काउंटरवरच ठेवा. जुने साहित्य घेऊ नका, कारण आधी कोणी त्यावर पडला का ते दिसत नाही. एकदा झटका खाल्लेला दोर बाद. रंग, थिनर, सिमेंट यांनी कडक झालेला पट्टाही बाद, आणि रंगाऱ्यांचे पट्टे याच कारणाने लवकर जातात. कोमट पाणी, साधा साबण आणि सावलीत वाळवणे, एवढीच धुण्याची पद्धत.

ठेकेदार ‘पोरांकडे मंडळाचे बेल्ट आहेत’ म्हणाला तर ते खरेही असू शकते. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या सुरक्षा संचात हार्नेस मिळतो. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते, रंगारीही त्यात येतो. पण बेल्टला दोर कोणता आहे, ॲब्सॉर्बर आहे का, तेवढे बघाच.

माणूस लटकला तर खाली कसा आणायचा, हेही काम सुरू होण्याआधी ठरवा. हार्नेसमध्ये न हलता लटकल्यावर मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दल येईपर्यंत थांबणे ही योजना नव्हे. १०१ आणि १०८ फिरवायचेच, पण गच्चीवर एक माणूस आणि एक जादा दोर कायम हवा.

कोटेशनमध्ये एवढे लिहून घ्या: फुल बॉडी हार्नेस, प्रत्येक माणसाला वेगळा जीवनदोर, ॲब्सॉर्बरसह रोप ग्रॅब, दोर बांधायची जागा सोसायटीने पाहून मान्य केलेली, पाऊस किंवा जोराच्या वाऱ्यात काम बंद. नवे साहित्य घेतले असेल तर त्याच्या बिलाची झेरॉक्स अनुक्रमांकांसह रंगाच्या हमीपत्राला टाचून ठेवा. पहिल्या सकाळी रंगारी गच्चीवर गेले की सेक्रेटरींनीही वर जावे आणि लेबलांवरचे क्रमांक बिलाशी जुळवून मगच ॲडव्हान्सचा चेक द्यावा.