कांचतंतूचा पहारेकरी

जळगांवचा मनुष्य धुळ्याच्या आप्तांशीं दूरध्वनीवरून बोलतो, तेव्हां त्याचा शब्द वाटेंत बहुधा प्रकाशरूपानें प्रवास करीत असतो. पूर्वीं हें कार्य तांब्याच्या तारेंतील वीज करीत असे. आतां तें केसासारख्या बारीक कांचतंतूनें पत्करलें आहे. भारतांत दूरध्वनि-केंद्रांना जोडणारी पहिली कांचतंतु-योजना १९७९ सालीं आपल्या पुण्यासच सुरू झाली.

या तंतूची जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी असते. त्याच्या गाभ्याची कांच व भोंवतालच्या वेष्टनाची कांच यांत किंचित् भेद असल्यामुळें आंत शिरलेला किरण कडेवर आपटून पुन्हां आंतच वळतो. तथापि कांच कितीही शुद्ध असली, तरी प्रकाश वाटेंत थोडा थोडा विरतोच. जळगांवाहून धुळें रस्त्यानें सुमारें ९० किलोमीटर आहे. एवढें अंतर एका सलग तंतूनें तोडलें, तर उत्तम कांचेंतूनही प्रकाशाचा सुमारें साठावा भागच पलीकडे पोहोंचेल. वेळ मात्र एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी लागेल!

अशा क्षीण प्रकाशावर विसंबावयाचें, तर त्यावर कोणाचा तरी सतत पहारा हवा. तो पहारा यंत्रांतील एक लहानशी नियंत्रक पट्टी, म्हणजे सर्किट बोर्ड, करीत असते.

तिचें पहिलें काम प्रकाश सम राखण्याचें. प्रकाश देणारा लेझर तिळाहूनही लहान असतो, आणि त्यास उष्मा सोसत नाहीं. वीज तितकीच दिली, तरी तो तापला कीं मंदावतो. मे महिन्यांत आपल्या खानदेशांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हें तुम्हांस सांगावयास नकोच. म्हणून लेझरच्या पाठीशीं प्रकाश मोजणारा एक कृत्रिम डोळा बसवितात. त्याचें माप नियंत्रक पट्टी ठरलेल्या मापाशीं ताडून पाहते. प्रकाश कमी भरला तर वीज वाढविते, अधिक भरला तर घटविते. कंदिलाची वात आपण अशीच वरखालीं करितों. वात फार चढविली तर कांच काळवंडते; वीज फार वाढविली तर लेझरच जळतो. यास्तव कित्येक यंत्रांत उष्णतामापक व लहानसें शीतक यंत्रही याच पट्टीच्या हुकमतींत असतें.

दुसरें काम संकटाची वर्दी देण्याचें. रस्ता रुंद करतांना कुदळ लागून तंतु तुटला, तर पलीकडील पट्टीस प्रकाश थांबल्याचें तत्काळ कळतें व ती इशारा देते. जेथें तंतूचें जाळें वलयाकार असतें, तेथें संदेश उलट वाटेनें वळविले जातात. आणि हा बदल एका सेकंदाच्या विसाव्या भागांत व्हावा, असा दंडक आहे. वैद्यास बोलावणाऱ्याचें वाक्यही तुटूं नये, एवढी ही तत्परता!

तिसरें काम सर्वांत मोलाचें. तंतूंतील प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांस न दिसणारा असतो. तो दिसत नाहीं, म्हणून पापणी मिटत नाहीं. आणि प्रखर असल्यास वेदना न होतां दृष्टि अधू होते. तुटलेला तंतु जोडणाऱ्या कामगारास हा धोका असतो. म्हणून प्रखर प्रकाशाच्या यंत्रांत तंतु तुटतांच नियंत्रक पट्टी लेझर आपोआप बंद करिते. तरीही मुलांनो, रस्त्याकडेला तुटलेला तंतु आढळल्यास त्याच्या टोकांत कधींही डोकावूं नका. वडील माणसांस कळवा.

या पट्टीस संदेशाचा अर्थ मुळींच कळत नाहीं. मोजावें, ताडावें आणि सुधारावें, एवढेंच तिला ठाऊक. १७८८ सालीं जेम्स वॅट यानें वाफेच्या एंजिनास गतिनियामक बसविला, त्याचें तत्त्वही हेंच होतें. आपलें काम रोज स्वतः मोजून पाहणें व चूक वाढण्यापूर्वींच ती सुधारणें, हा धडा अभ्यासांतही तितकाच उपयोगी पडेल.