जास्तीचा पैसा, सरळ कर्जाला

अगं, काम शोधायला निघण्याआधी जरा बस. "ताई, कर्ज फेडायचंय, एखादं जोडकाम सांग ना," म्हणतेस तेव्हा तुझी घाई मला कळते. पण कोणतं काम करू, याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. मिळालेला पैसा जाणार कुठे? ते ठरलं नसेल तर रात्री जागून मिळवलेले तीन हजार गॅसमध्ये, मुलांच्या सहलीत, कुणाच्या तरी लग्नातल्या आहेरात जिरून जातील. वर्ष संपताना कर्ज होतं तेवढंच राहील आणि तू मात्र पार थकलेली असशील. कष्टाळू बायकांच्या घरांत मी हे फार वेळा पाहिलंय, म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

आधी एक वही घे आणि सगळी कर्जं एका पानावर मांड. कुणाचं, किती बाकी, व्याज किती, हप्ता किती, तारीख कोणती. बँकेचं लिही, तसंच किराणावाल्याची उधारी, उचललेल्या भिशीचे राहिलेले हप्ते, नणंदेकडून घेतलेले पैसे हेही लिही. पान भरलेलं पाहून धडधडेल, पण कर्जाचा खरा आकडा माहीत नसणं हे कर्जापेक्षा जास्त झोप उडवतं.

आता व्याजाचा रकाना नीट बघ. समज, क्रेडिट कार्डाची ४० हजारांची बाकी आहे आणि कार्ड महिन्याला साडेतीन टक्के व्याज लावतं. म्हणजे महिन्याचे १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. एकूण झाले १,६५२. तू 'किमान रक्कम' म्हणून दोन हजार भरतेस, म्हणजे मुद्दलातून जेमतेम साडेतीनशे कमी होतात. महिन्याला असे दोनच हजार भरत राहिलीस तर कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील आणि खिशातून ८६ हजारांवर जातील. त्याच दोन हजारांत जोडकामाचे तीन हजार घातलेस, तर साधारण दहा महिन्यांत मोकळी होशील आणि एकूण पन्नास हजारांच्या आतच भरशील. तुझ्या जास्तीच्या तीन हजारांची ताकद एवढी आहे. मात्र तोवर कार्ड कपाटात राहिलं पाहिजे. बाकी थकलेली असताना केलेल्या नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

म्हणून पहिला रोख सगळ्यात महाग कर्जावर ठेव. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते वेळेवर जाऊ देत, पण जास्तीचा प्रत्येक रुपया त्या एकाच कर्जाकडे वळव. ते फिटलं की त्याचा हप्ताही पुढच्या महागड्या कर्जात घाल. गृहकर्ज शेवटी ठेवलंस तरी चालेल, त्याचं व्याज त्यामानाने कमी असतं. वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडायचं असेल तर आधी दंड किती लागतो ते बँकेत विचार. आणि मायक्रोफायनान्सच्या एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीकडून उचलू नकोस. त्यात बाई अडकते ती अडकतेच.

या सगळ्यासाठी एक वेगळं बचत खातं उघड. जोडकामाचे पैसे त्यातच येऊ देत, ग्राहकांना त्याच खात्याचा क्यूआर कोड दे. पहिले पाच हजार आजारपण-अडचणीसाठी तिथेच राहू दे, म्हणजे ऐनवेळी पुन्हा उसने मागावे लागणार नाहीत. त्यानंतर दर आठवड्याला जमलेली रक्कम थेट कर्जात भर. महिनाअखेरची वाट पाहू नकोस. घरात आलेल्या पैशाला घरचे खर्च लगेच दिसतात, म्हणून तो घरात येण्याआधीच कर्जाकडे गेला पाहिजे. एवढं एकच जरी माझं ऐकलंस तरी पुष्कळ आहे.

आता कामाकडे येऊ. तुला आधीपासून येतं आणि ज्याला भांडवल लागत नाही, अशापासूनच सुरुवात कर. कर्ज फेडायला निघालेल्या बाईने हप्त्यावर नवं शिलाई मशीन घ्यायचं नाही. मशीन घरात असेल तर फॉल-पिको, ब्लाऊज, उसवलेलं शिवणं, आखूड करणं, ही कामं बारा महिने मिळतात आणि लग्नसराईत तर हात पुरे पडत नाहीत. शिकवायची हौस असेल तर चौथी-पाचवीपर्यंतच्या शिकवण्या घे. हाताला चव असेल तर उन्हाळ्यात पापड-कुरडया, गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत फराळ. या ऑर्डरी घेताना निम्मे पैसे आगाऊ घे, म्हणजे सामान त्यातूनच येतं.

डब्यांचा विचार असेल तर हिशेब कागदावर कर. ८० रुपयांचा डबा विकला म्हणजे ८० रुपये कमावले असं नाही. पीठ, तेल, भाजी, गॅस, डबा पोचवणाऱ्या मुलाचे पैसे, आयत्या वेळी रद्द झालेल्या डब्याचं जेवण, हे सगळं वजा कर. समज, डब्यामागे २५ रुपये उरले आणि तू रोज दहा डबे करतेस. तुझे २५० रुपये झाले. त्याला तीन तास लागत असतील तर तासाचे ८३ रुपये पडले. आता तेवढ्याच वेळात शिकवणीचे किंवा शिवणाचे किती मिळतील ते मांड आणि मग ठरव. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. छोट्या घरगुती कामाला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. ती करून घे. नोकरी करत असशील तर जोडकाम चालतं का हे नेमणुकीच्या कागदात बघ, सरकारी नोकरीत तर आधी परवानगीच लागते. आणि ही कमाई आयकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून लिहून ठेव.

खरी परीक्षा पैसे मागताना होते. ओळखीतल्या बायका म्हणतात, "आमच्याकडून काय एवढे घेतेस!" किंवा "देते गं पुढच्या महिन्यात." हसून, पण ठामपणे सांग, "काकू, भाव सगळ्यांना सारखाच आहे, आणि उधारी मला परवडत नाही." एखादं गिऱ्हाईक तुटेल. तुटू दे. उधारीवर काम करणारी बाई दुसऱ्याचा खर्च आपल्या कर्जावर चालवत असते.

उधारीने कष्टाळू हात कसे बांधले जातात, हे गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांकडून कळतं. कोकणातून, घाटावरून मुंबईत एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना त्या घरच्या चुलीवर जेवू घालायच्या. कामगार पैसे द्यायचा पगार झाल्यावर. तोवर बाई वाण्याकडून उधारीवर शिधा आणायची, नाहीतर भांडी-दागिने ठेवून सावकाराकडून पैसे. पहाटेपासून राबूनही मिळकत व्याजात जायची. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र केलं, १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं आणि एकमेकींच्या हमीवर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. स्वयंपाक तोच होता, कष्टही तेच होते. महाग व्याजाची जागा स्वस्त व्याजाने घेतली आणि त्या बायकांच्या हाती त्यांचीच कमाई उरू लागली. तूही बचत गटात असशील, किंवा बँकेत सोनेतारण कर्ज कमी व्याजाने मिळत असेल, तर कार्डाचं महाग कर्ज तिकडे वळवता येतं का ते विचार. पण दागिना ठेवायचा तो सोडवण्याची तारीख ठरवूनच.

आणखी एक, अगदी कळकळीने सांगते. "घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, रोज दोन हजार कमवा" असा मेसेज आला तर उत्तरही देऊ नकोस. आधी दीडशे-दोनशे रुपये खरंच खात्यात येतात, विश्वास बसतो, मग "पुढच्या टास्क"साठी पैसे भरायला लावतात आणि सगळं बुडतं. काम द्यायला जो आधी तुझ्याकडून अनामत मागतो, तो काम देणारा नव्हे. कमिशनच्या लोभाने आपलं बँक खातंही कुणाला वापरायला देऊ नकोस, पोलीस तुझ्याच दारात येतील. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नकोस, ताबडतोब १९३० वर फोन कर. लवकर कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

वसुलीवाल्यांनाही भिऊ नकोस. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनची तारीख-वेळ लिहून ठेव आणि बँकेकडे लेखी तक्रार कर. हप्ता झेपतच नसेल तर तो थकण्याआधी स्वतः शाखेत जा आणि मुदत वाढवून माग. परवाना नसलेला सावकार छळत असेल तर तो गुन्हा आहे, सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

आता तुझ्याबद्दल. नोकरी, घर आणि वर जोडकाम, हे सगळं तुझ्या झोपेतून काढायचं नाही. कर्ज घराचं आहे तर फेडणंही घराचंच आहे. नवऱ्याला ती वही दाखव, सासूबाईंनाही सांग. "मी संध्याकाळी दोन तास शिवणार, तेव्हा भांडी आणि मुलांचा अभ्यास तुमच्याकडे," असं स्पष्ट बोल. मोठ्या मुलांनाही कळू दे, ती समजूतदार असतात. आठवड्यातला एक दिवस कुठलीही ऑर्डर घेऊ नकोस. कंबर-पाठ दुखायला लागली तर थांब. डॉक्टरांची बिलं भरायला पुन्हा कर्ज काढायचं नाहीये आपल्याला.

आणि या कामाला शेवटची तारीख ठेव. अमुक कर्ज अमुक महिन्यात फिटणार, हे वहीच्या पहिल्या पानावर लिही. शेवट दिसत असला की माणूस नेटाने चालतं. फिटल्यावर बँकेकडून कर्ज पूर्ण फेडल्याचा दाखला मागून घे आणि जपून ठेव. पुढे हे काम चालू ठेवायचं की नाही ते तेव्हा ठरव. चालू ठेवलंस तर तो पैसा तुझा, तुझ्या नावाच्या खात्यात.

या आठवड्यात मात्र काम शोधू नकोस. कर्जांची यादी कर आणि वेगळं खातं उघड, एवढी दोनच कामं. ती झाली की पहिली ऑर्डर घे.