संगणकावर शिल्लक मालाची बेरीज का चुकते?

मंद्रूप-सोलापूर भागातील चादर-टॉवेलचे अनेक व्यापारी आता मालाची नोंद संगणकावर ठेवतात. नोंदी बरोबर असूनही शिल्लक चुकते. दोष बहुधा गट पाडण्यात, म्हणजे ‘ग्रुप बाय’मध्ये असतो.

समजा, एका चादरीची खरेदी दोन नोंदींत 100 व 50 नग, विक्री तीन नोंदींत 20, 30 व 10 नग. खरी शिल्लक 90. पण दोन्ही तक्ते थेट जोडून बेरीज घेतली, तर प्रत्येक खरेदी तीनदा आणि प्रत्येक विक्री दोनदा मोजली जाते. खरेदी 450, विक्री 120, शिल्लक 330! या भरवशावर ऑर्डर घेतली, तर माल कोठून देणार?

उपाय सोपा आहे. आधी खरेदीची मालवार बेरीज करा, विक्रीची वेगळी करा. मग मालाची मूळ यादी डावीकडे ठेवून ‘लेफ्ट जॉइन’ने दोन्ही बेरजा जोडा, रिकाम्या जागी शून्य धरा. म्हणजे न विकलेला मालही दिसेल. गटात तारीख वा बिल नंबर घालू नका, एकाच मालाचे तुकडे पडतात. नावाऐवजी कोड वापरा; डझन आणि नग मिसळू नका.

व्यापारी बांधवांनी दरमहा एका मालाची शिल्लक गोदामात मोजून संगणकाशी ताडून पाहावी.