एका घरातील दोन बिऱ्हाडे आणि लाइफलाइनची सवलत

प्रश्न : मी न्यू जर्सीत खोली भाड्याने घेऊन राहते. उत्पन्न एसएसआयचे (गरीब वृद्ध व अपंगांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचे), तेवढेच. पलीकडच्या खोलीतील बाईंना टेलिफोनची लाइफलाइन सवलत मिळते; माझा अर्ज मात्र ‘या पत्त्यावर सवलत चालू आहे’ म्हणून अडला. आमचा स्वयंपाक एकत्र होतो, वाणसामानाचा खर्च निम्मा निम्मा. फोनच्या एजंटाने पुतण्याचा पत्ता घालावयास सांगितले आहे. घालू का? माझ्यामुळे त्या बाईंचा फोन तर बंद होणार नाही ना?

उत्तर : पुतण्याचा पत्ता मुळीच घालू नये.

आपली खरी चिंता शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून तिचे निरसन प्रथम करतो. दरमहा 9.25 डॉलरपर्यंतची ही सवलत घराला नव्हे, कुटुंबाला एक अशी मिळते. आणि उत्पन्न व खर्च ही दोन्ही ज्या प्रौढ माणसांची एकत्र असतात, तेवढ्यांचेच ते कुटुंब. भाडे, वीज, किराणा वाटून घेतला, परंतु ज्याचा पैसा त्याच्याच हाती राहिला, तर बिऱ्हाडे दोन आणि सवलतीही दोन. त्या बाईंच्या फोनास धक्का लागत नाही. एसएसआय असल्यामुळे उत्पन्न दारिद्र्यमर्यादेच्या 135 टक्क्यांच्या आत असल्याचा हिशेबही आपणांस मांडावा लागत नाही. मंजुरीचे पत्र पुरे.

पत्ता सामाईक असला की कुटुंबाविषयीचा एक स्वतंत्र तक्ता भरून द्यावा लागतो, आणि माणसे बुडतात ती तेथेच. मंडप टाकून फुकट फोन वाटणारा एजंट ‘येथे सही करा’ म्हणून बोट ठेवतो, आणि मुलाच्या कमाईवर जगणारी वृद्ध आई, जी नियमाने मुलाच्याच कुटुंबात मोडते, ‘आमचे उत्पन्न वेगळे’ या मजकुराखाली, तो न वाचता, सही करून मोकळी होते. ती सही शपथेवरची असते. खोटी ठरल्यास सवलत जाते, पुढे कायमची मनाई होऊ शकते, दंड व कैदही होऊ शकते, आणि त्या वेळी एजंट जबाब द्यावयास येत नाही. म्हणून तक्ता घरी आणावा, प्रत्येक प्रश्न समजून घ्यावा, त्या बाईंशी बोलावे, आणि मगच सही करावी.

उद्या खरोखरच पुतण्याकडे राहावयास गेलात, तर नवा पत्ता 30 दिवसांच्या आत कंपनीस कळवावा. आणि तो आपला खर्च चालवू लागला, तर त्याच्या घरी ही सवलत आधीच कोणी घेत नाही ना, हे पाहावे.