जुना संगणक, दोन जीबी मेमरी: लिनक्स चालेल का?

प्रश्न: घरी कोअर टू ड्युओचा जुना संगणक आहे. मेमरी २ जीबी, त्यावर ३२ बिट विंडोज ७. मुलीच्या अभ्यासासाठी लिनक्स टाकता येईल का?
– एक वाचक, देवनार

उत्तर: जरूर टाका, मात्र आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. विंडोज ३२ बिट असली तरी तुमचा प्रोसेसर ६४ बिटचाच आहे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. २०२५ साली आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, म्हणून ६४ बिटचाच घ्या. डेस्कटॉप निवडताना नोम किंवा केडीई नको, एलएक्सक्यूटी घ्या. ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठी भाषाही निवडता येते. मुलीसाठी तीच निवडा, असा माझा आग्रह आहे.

खरी मेमरी खातो तो ब्राउझर. दोन-तीनच टॅब उघडे ठेवा आणि झेडरॅम सुरू करा. ते मेमरीतला मजकूर दाबून बसवते. खर्च करायचाच तर आधी साटा एसएसडी घ्या. लॅमिंग्टन रोडवर वापरलेली डीडीआर२ मेमरी मिळाली, तर मदरबोर्डची मर्यादा तपासूनच घ्या.