शिवणखोलीचा वास : नाकाने शिकायचा एक धडा



शाळेत शिवणाचा तास घेणाऱ्या किंवा घरी मशीन चालवणाऱ्या प्रत्येकीला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. मृग सरला, आर्द्रा लागल्या, की शिवणाच्या खोलीला वास येऊ लागतो. कपाट उघडलं की कुबट, मशीनजवळ गेलं की खवट, इस्त्रीच्या टेबलापाशी आंबूस. मग कोणी उदबत्ती लावतं, कोणी डांबरगोळ्या टाकतं, कोणी सुगंधी फवारा मारतं. दोन तास बरं वाटतं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

हा विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. मलाही वाटत होता. पण या वासापायी माझ्या वर्गातली एक मुलगी चार दिवस शाळेत आली नाही, म्हणून आज यावर लिहिते आहे.

त्या जुलैत काय झालं

आमची शाळा कोकणात. सातवीच्या वर्गात एक मुलगी होती, अभ्यासात बरी, हस्तकलेत फार छान. तिची आई घरी ब्लाउज, परकर शिवते. जुलैच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्या बाकावर कोणी बसत नाही. विचारलं तर मुली गप्प. एक जण हळूच म्हणाली, "बाई, तिच्या कपड्यांना वास येतो."

मी काय केलं? परिपाठात स्वच्छतेवर दहा मिनिटं बोलले. रोज अंघोळ करावी, धुतलेले कपडे घालावेत, वगैरे. नाव कुणाचंच घेतलं नाही. पण वर्गाला कळायचं ते कळलं आणि तिलाही. दुसऱ्या दिवसापासून तिची जागा रिकामी.

चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. एकच मोठी खोली. भिंतीला लागून मशीन, बाजूला खाट, खाटेखाली चिंध्यांनी भरलेलं प्लास्टिकचं पोतं. कोपऱ्यात भिंतीवर ओलीचा नकाशा उमटलेला. आणि मशीनच्या डोक्यावर दोरीला घरातले सगळे कपडे वाळत घातलेले, त्यात तिचा युनिफॉर्म.

आई म्हणाली, "बाई, पोर रोज अंघोळ करते. युनिफॉर्म मी रोज धुते. पण वाळतच नाही हो. आणि आता गिऱ्हाइकं पण बोलायला लागलीत. परवा एकीनं ब्लाउज परत आणून दिला, वास येतो म्हणून."

मला मान वर करता येईना. मुलगी अस्वच्छ नव्हती, खोली ओली होती. मी स्वच्छतेचा धडा दिला, पण धडा हवा होता तो विज्ञानाचा. आणि तो आधी मला हवा होता.

आधी वास ओळखा

घरातल्या माणसाला आपल्या घरचा वास येत नाही, कारण नाक सरावतं. एकच वास सतत येत राहिला की थोड्या वेळात आपल्याला तो जाणवेनासा होतो. म्हणून खोली तपासायची तर आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत थांबा आणि मग आत या. पहिल्या दोन श्वासांत जे कळेल ते खरं.

शिवणखोलीत साधारण चार वास असतात.

१. कुबट वास : हा ओलीचा आणि बुरशीचा. सुती कापड म्हणजे सेल्युलोज आणि त्यावरची खळ म्हणजे पिष्ट. दोन्ही बुरशीचं अन्नच. ओलावा मिळाला की ती वाढते आणि वाढताना वासाचे वायुरूप पदार्थ हवेत सोडते.

२. खवट वास : हा मशीनच्या तेलाचा. आपल्याकडे मशीनला खोबरेल नाहीतर स्वयंपाकाचं तेल घालायची सवय आहे. खाद्यतेलाचं हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण होतं आणि ते खवट होतं. फरसाणाचा जुना पुडा उघडल्यावर येतो तोच हा वास.

३. आंबूस वास : हा घामाचा, शिळ्या खळीचा आणि हळूहळू वाळलेल्या कपड्यांचा. कपडा वाळायला जितका जास्त वेळ लागतो, तितका जिवाणूंना वाढायला वेळ मिळतो. तिच्या युनिफॉर्मचा वास हाच होता.

४. उग्र वास : नव्या कापडाचा. सुरकुत्या पडू नयेत म्हणून काही कापडांवर रसायनांची प्रक्रिया करतात, त्यात फॉर्मालडिहाइड असू शकतं. डोळे चुरचुरतात तो हा वास.

प्रत्येक वासाचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा. उदबत्ती चौघांवरही चालत नाही. ती फक्त पाचवा वास वाढवते, आणि कात्रणांच्या खोलीत निखारा ठेवते.

कापूस पाणी पितो

वाळलेलं सुती कापड खरोखर कोरडं नसतं. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतून सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी धरतं. लोकर तर कापसाच्या जवळजवळ दुप्पट. आता विचार करा, कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता ६५ च्या किती वर असते! खाटेखालचं सुती चिंध्यांचं पोतं म्हणजे पाण्याची टाकीच.

पॉलिस्टर पाणी पीत नाही, पण घामातला तेलकट अंश धरून ठेवतं. त्यामुळे अंगावर वापरलेल्या पॉलिस्टरच्या कपड्याला सुतीपेक्षा जास्त वास येतो. आल्टरसाठी आलेले कपडे नव्या कापडाच्या ढिगात ठेवू नका. "ताई, धुऊन आणा हं" असं गिऱ्हाइकाला गोड शब्दांत सांगता येतं.

काय करायचं?

आम्ही दोघींनी, म्हणजे तिच्या आईने आणि मी, एका रविवारी ती खोली आवरली. जे केलं ते क्रमाने सांगते.

*चिंध्या आधी बाहेर.* पोतं उपसलं. ओली, काळे ठिपके पडलेली कात्रणं टाकून दिली. चांगली वेगळी केली आणि प्लास्टिकऐवजी जुन्या मांजरपाटाच्या पिशवीत भरून खुंटीला टांगली. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, कापडी पिशवीत हवा खेळते. गोधडीसाठी ठेवायचं तेवढंच ठेवा. "कधीतरी लागेल" असा ढीग म्हणजे वासाचं बी.

*भिंतीपासून चार बोटं.* खाट, कपाट, कापडाचे गठ्ठे भिंतीला चिकटवू नका. मागून हवा फिरायला हवी. जमिनीवर थेट काही ठेवू नका, खाली विटा किंवा फळी घाला.

*ओलीचं मूळ शोधा.* त्या कोपऱ्यावरचं एक कौल सरकलं होतं. ते बसवल्याशिवाय भिंत कितीही पुसली तरी व्यर्थ. भिंतीवरची बुरशी साबणाच्या पाण्याने पुसा, नाकातोंडाला कापड बांधा आणि कोरडी खरवडू नका, नाहीतर बीजाणू खोलीभर उडतात. ब्लीचिंगचं पाणी वापरलंत तर त्यात संडास धुवायचं ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

*खिडकी केव्हा उघडायची?* आम्ही "खिडक्या उघड्या ठेवा" असं सरसकट सांगतो. पण धो धो पाऊस असताना खिडकीतून ओलच आत येते. उघडीप मिळाली की समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. कोसळत असेल तेव्हा बंद करून पंखा लावा.

*दोरी हलवा.* कपडे मशीनवर नाही, पंख्याखाली. दोन कपड्यांत वीतभर अंतर. युनिफॉर्म घट्ट पिळून, जाड टॉवेलात गुंडाळून पुन्हा दाबला तर बराच लवकर वाळतो.

*इस्त्रीनंतर थांबा.* पाणी शिंपडून इस्त्री केलेला ब्लाउज लगेच घडी करून पिशवीत घातला, की वाफ घडीतच राहते. दहा मिनिटं हँगरला लावा, मग घडी घाला.

*मशीनचं तेल बदला.* मशीनचं तेल खनिज तेल असतं, ते खाद्यतेलासारखं खवट होत नाही. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणून थंडीत मशीन जड चालतं. बॉबिन केस आणि दात्यांखाली साठलेली तेलकट लूस आठवड्याला ब्रशने काढा. तेल घातल्यावर रद्दी कापडाच्या तुकड्यावर चार टाके मारून जादा तेल टिपून घ्या.

*नवं कापड आधी भिजवा.* भिजवून, वाळवून मग कापा. वास जातो, खळ जाते आणि शिवल्यानंतर आटण्याची भीती कमी होते. घरची खळ त्या दिवसापुरतीच करा. उरलेली रात्रभर ठेवली की आंबलीच.

माझी आणखी एक चूक

आवरून झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने डांबरगोळ्यांचं पाकीट दिलं. पत्र्याच्या पेटीत, कपाटात, सगळीकडे टाका म्हटलं. आठवड्याने आमच्या गावच्या आशाताई भेटल्या. त्यांनी सगळ्या गोळ्या काढायला लावल्या होत्या, कारण त्या घरात धाकटी जाऊ बाळंतपणाला आलेली होती आणि बाळ दीड महिन्याचं.

त्यांचं बरोबर होतं. या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतील, तर त्यांचं संप्लवन होतं, म्हणजे स्थायूचा थेट वायू होतो आणि तो कपड्यांत मुरतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं. अशा बाळाला त्या वायूमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बाळ तसं आहे की नाही हे वरून पाहून कळत नाही. म्हणून तान्ह्या बाळाच्या घरात आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोतच. कापूरही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. थोडासा पोटात गेला तरी मुलाला झटके येऊ शकतात.

सुवास हवाच असेल तर वाळ्याच्या वाळलेल्या मुळ्या, लवंगा किंवा वाळवलेली कडुलिंबाची पानं छोट्या कापडी पुरचुंडीत बांधा. पण लक्षात ठेवा, पुरचुंडी ओल शोषत नाही. खोली कोरडी झाल्यानंतर तिचा उपयोग, त्याआधी नाही.

वर्गात घेता येतील असे तीन उपक्रम

१. सरावलेलं नाक : एका कोपऱ्यात सोललेलं संत्र ठेवा. मुलांनी दर दोन मिनिटांनी वास किती येतो याला दहापैकी गुण द्यावेत. गुण उतरत जातात. मग सगळ्यांना बाहेर फिरवून आणा आणि पुन्हा विचारा.

२. कोण आधी वाळतं? सुती आणि पॉलिस्टरचे सारख्या मापाचे तुकडे भिजवून, पिळून टांगा. दर अर्ध्या तासाने वजन करून तक्ता भरा. तिसरा सुती तुकडा चुरगळून डब्यात बंद ठेवा आणि तीन दिवसांनी बाहेर मोकळ्यावर उघडा. वास हाताने वारा घेऊन घ्यायचा, नाक आत घालायचं नाही. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला लांब ठेवा.

३. दोन तेलं : पत्र्याच्या एका तुकड्यावर करडईच्या तेलाचा थेंब, दुसऱ्यावर मशीनच्या तेलाचा. महिनाभर दर आठवड्याला काडीने स्पर्श करून चिकटपणा नोंदवा. दहावीला "खवटपणा" शिकवताना हा तुकडा दाखवा, व्याख्या पाठ करून घ्यावी लागणार नाही.

आणि शेवटचं

सोमवारी ती शाळेत आली. मी परिपाठात पुन्हा बोलले, यावेळी माझ्या चुकीबद्दल. "मागे मी स्वच्छतेवर बोलले, पण ओल आणि अस्वच्छता यांतला फरक मलाच माहीत नव्हता," एवढंच म्हणाले. मग दुसरा उपक्रम घेतला. वजनं तिने केली, कारण कापड हातात घेतल्यावर ते सुती की मिसळीचं हे वर्गात तिलाच अचूक सांगता येत होतं. त्या आठवड्यात तिच्या बाकावर एक मुलगी जाऊन बसली. मी सांगितलं नव्हतं.

पालकहो, तुमचं मूल घरी येऊन म्हणालं की "अमक्याच्या कपड्यांना वास येतो," तर "त्याच्याजवळ बसू नको" म्हणू नका. "कसला वास, कुबट की आंबूस?" असं विचारा. आणि शिक्षकांनो, एखाद्या मुलाला स्वच्छतेचा धडा द्यायच्या आधी एकदा त्याचं घर पाहून या. तिथे कौल सरकलेलं असू शकतं.